विसर्ग की कोलन

लोक विचारतात, घरात बसून तू नेमकं करतेस काय? सांगलीत आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना मी सुरुवातीला नीट समजावून सांगायची. कराडची एक छोटी कंपनी आहे, ती उसाच्या मोटरपंपाला लावायची एक पेटी बनवते. मोबाईलवरून मेसेज पाठवला की मळ्यातली मोटर चालू होते, बंद होते. ती पेटी कशी जोडायची, मेसेज कसा पाठवायचा, बिघडली तर काय करायचं, हे सगळं मी लिहिते. एवढं ऐकून शेजारीण म्हणायची, म्हणजे मोटर दुरुस्त करतेस? आता मी 'कंप्युटरचं काम' एवढंच सांगते आणि भाजीची पिशवी उचलते.

खरं सांगायचं तर लिहिणं हा कामातला लहान भाग. मोठा भाग टिंबं, रेघा आणि अवतरणचिन्हं यांच्यामागे धावण्याचा. आमची माहितीपुस्तिका साध्या मजकुरात लिहितात आणि मजकुरातच खुणा करतात. अमुक खूण केली की शीर्षक मोठं होतं, तमुक केली की शब्द ठळक होतो. मग एक प्रोग्रॅम त्या खुणा वाचून वेबसाइटवरचं पान तयार करतो. त्याला खुणा तेवढ्या कळतात, मजकूर कळत नाही. त्यामुळे आपण साधेपणाने लिहिलेल्या चिन्हाचाही तो भलताच अर्थ लावतो. सरळ अवतरणचिन्ह वाकडं करतो, दोन छोट्या रेघा जोडून एक लांब रेघ करतो. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं या प्रोग्रॅमने गिळलेली चिन्हं परत ओढून काढण्यात गेली आहेत. तक्रार नाही. काहीजण जन्मभर माणसांच्या चुका काढत बसतात, त्यापेक्षा हे बरं.

एकदा वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन कंपनीने माझ्याकडे वळवला. मोटर चालू करायचा मेसेज होता स्टार, एक, स्टार. पण दोन स्टारांच्या मध्ये काही आलं की ते तिरकं करायचं, अशी प्रोग्रॅमची समजूत. त्याने दोन्ही स्टार काढून टाकले आणि मधला एक तेवढा तिरका छापला.

"आवं मॅडम, बुकात हाय तसंच पाठवतोय की. एक पाठवला. दोनदा पाठवला. मोटर काय चालू व्हईना."

"एकाच्या आधी आणि नंतर स्टार आहे हो काका. तो पानावरून उडालाय. मशीनने खाल्ला."

"मशीन खातंय व्हय?" ते म्हणाले. "आमाला वाटत हुतं, पेटीतलं फकस्त उंदरं खात्यात."

मी त्या दिवशी प्रत्येक स्टारच्या आधी एक तिरकी रेघ टाकत बसले. अशी रेघ टाकली की प्रोग्रॅम पुढच्या चिन्हाला हात लावत नाही.

त्यानंतर कंपनीने ठरवलं की अख्खी पुस्तिका मराठीत आणायची. भाषांतर मी करायचं आणि टाइप करायला कुणीतरी शोधायचं, कारण माझा मराठी टायपिंगचा वेग बघवत नाही. नेमका त्याच आठवड्यात साताऱ्याहून आईचा फोन आला.

"यांना काहीतरी काम दे गं बाई. सकाळपासून माझ्या फोडणीत चुका काढतायत."

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, साताऱ्यात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. कळफलकाकडे न बघता टाइप करायचे, आणि त्यांच्या कागदावर कधी खाडाखोड नसायची. निवृत्तीनंतर ते एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला जात. ती इन्स्टिट्यूट बंद पडली आणि अण्णा घरी बसले. सकाळी पेपर आला की तांबड्या पेनाने त्यातल्या चुकांना गोल करायचे आणि त्या आईला वाचून दाखवायचे. पेपर संपला की आईच बाकी राहायची.

त्यांना काम दिल्यावर सगळं बदललं. मी फोनवर मजकूर बोलून पाठवायची, ते ऐकून टाइप करायचे. पूर्वी कचेरीत साहेब सांगायचे आणि हे टाइप करायचे, तसंच. संगणकाबरोबर येणारा मराठी कळफलक त्यांनी निवृत्तीनंतर हट्टाने शिकून घेतला होता. दहाच्या आत ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसायचे. घरातल्या घरात शर्ट कशाला, असं आईने विचारलं तर म्हणाले, कामावर आहे मी. आईने मला ते फोन करून सांगितलं आणि मग आम्ही दोघी हसलो, पण मला मनापासून बरं वाटलं होतं. कंपनीत मी एवढंच सांगितलं होतं की साताऱ्यातले एक जुने टायपिस्ट हे काम करतात. आपल्याच वडिलांना काम लावून दिलं हे सांगायला मला संकोच वाटला.

पहिलं प्रकरण तयार झालं आणि कराडहून आमच्या साहेबांचा फोन आला. हा साहेब माझ्यापेक्षा बराच लहान. मूळचा मेढ्याकडचा, कराडलाच इंजिनिअरिंग केलेलं. पुस्तिकेचं प्रत्येक पान त्याच्या नजरेखालून जायचं.

"मॅडम, मराठीत एकपण धोका दिसत न्हाई."

मला आधी वाटलं, तो कौतुक करतोय. पण तो चौकटींबद्दल बोलत होता. आमच्या खुणांच्या भाषेत ओळीच्या सुरुवातीला 'धोका' लिहून कोलन द्यायचा आणि पुढे मजकूर. प्रोग्रॅम ते ओळखतो आणि त्या मजकुराभोवती लाल चौकट काढतो. 'सूचना' लिहून कोलन दिला तर निळी चौकट. इंग्रजी पुस्तिकेत सगळ्या चौकटी जागच्या जागी होत्या. मराठीत मुख्य स्विच बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका, हे वाक्य बाकीच्या मजकुरात काळ्या अक्षरात मुकाट बसलं होतं. विजेचं काम. ते वाक्य कुणाच्या नजरेतून सुटलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

अख्खी सकाळ मी त्या फाईलकडे बघत होते. शब्द बरोबर, खूण बरोबर, मोकळी जागा बरोबर. आधी फॉन्टवर संशय घेतला, मग प्रोग्रॅमवर, मग त्या मेढ्याच्या पोरावर. शेवटी वैतागून 'धोका'पुढची दोन टिंबं पुसली आणि माझ्या हाताने परत दिली. लाल चौकट टुणकन उभी राहिली.

अण्णांनी कोलन दिलाच नव्हता. त्यांनी विसर्ग दिला होता.

दोन्हीत एकावर एक दोन टिंबं. कागदावर फरक शोधून सापडत नाही. पण संगणकाच्या लेखी कोलन हे विरामचिन्ह आणि विसर्ग हा अक्षराचा भाग, स्वतः किंवा दुःख या शब्दांमधला. म्हणजे 'धोकाः' हा प्रोग्रॅमला कुठला तरी वेगळाच शब्द वाटत होता. यात अण्णा एकटे नाहीत. लग्नपत्रिका बघा, स्थळः, वेळः. सरकारी पत्र बघा, विषयः, दिनांकः. अख्खा महाराष्ट्र कोलनच्या जागी विसर्ग देतो आणि कुणाचंही काही अडत नाही. अण्णांच्या टाइपरायटरवर दोन टिंबांची एकच कळ होती, तिनेच दोन्ही कामं व्हायची. पुढे संगणकाच्या मराठी कळफलकावर ते गेले, तर तिथे कोलनच्या जागी छ बसलेला. कोलन हवा असेल तर भाषा बदलून इंग्रजीत जायचं, कोलन मारायचा, परत मराठीत यायचं. विसर्ग मात्र हाताशी. बोटं जाणार कुठे?

मी विचार केला, कशाला त्यांना सांगायचं. प्रोग्रॅमला हुकूम दिला की सगळे विसर्ग काढून कोलन घाल. चौकटी सगळ्या आल्या. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचाच फोन.

"माझ्या कागदाला हात कुणी लावला?"

"का? काय झालं?"

"'मोटर स्वतः उघडू नका' यातल्या स्वतःला विसर्ग असतो. तिथे कोलन घातलाय. वेबसाइटवर पान मोठं करून बघितलं मी. टिंबं चौकोनी आहेत. लोक म्हणतील, टाइप करणाऱ्याला विसर्ग आणि कोलन कळत नाही."

मला हसू आवरेना. "अण्णा, अहो तुम्हीच सगळीकडे विसर्ग देता. 'धोका'पुढे कोलन पाहिजे ना?"

"मग? दिलाय की कोलन."

"विसर्ग दिलाय तुम्ही."

"विसर्ग आणि कोलन वेगळे असतात, हे तू मला शिकवणार?"

"मग वेगळे टाइप का करत नाही?"

"वेगळेच करतो. 'धोका'पुढे आला की कोलन, 'स्वत'पुढे आला की विसर्ग. वाचणाऱ्याला कळतं."

"वाचणाऱ्याला कळतं. मशीनला कळत नाही."

"मग मशीनला शाळेत घाल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मशीनला शाळेत घालणं तसं अवघड नव्हतं. सगळे विसर्ग मी जागच्या जागी परत आणले आणि एक छोटा नियम लिहिला. ओळीच्या सुरुवातीला 'धोका', 'सूचना' असे ठरलेले शब्द आले की पुढे कोलन असो नाहीतर विसर्ग, चौकट काढायची. बाकी विसर्गांना हात लावायचा नाही. काम झालं. अण्णांची बोटंही सुखी आणि पुस्तिकाही.

पण कराडचा साहेब ऐकेना. त्याचंही चूक नव्हतं. हाच मजकूर मोबाईल ॲपमध्ये जाणार होता, विक्रेत्यांच्या वेबसाइटवर जाणार होता, आणि तिथले प्रोग्रॅम दुसऱ्यांचे. तिथे माझा नियम कोण चालवणार?

"मूळ फाईलच स्वच्छ पाहिजे मॅडम. नियम कुठं कुठं लावत फिरायचं? माझं ऐका, माणूस बदलू या. नाहीतर मशीनकडनंच भाषांतर करून घेऊ. पुढच्या प्रकरणापर्यंत बघा, मग ठरवू."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर चिडले. त्याच्यावर, अण्णांवर आणि त्या छवर. काम गेलं तर ते शर्ट घालून पुन्हा पेपरमधल्या चुकांना गोल करत बसतील, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. ते काम त्यांच्याकडे राहावं असं मला वाटत होतं. आईच्या फोडणीसाठी थोडंसं, आणि बरंचसं त्यांच्यासाठी.

रविवारी मी एसटीने साताऱ्याला गेले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आईने दार उघडलं, कारण ऐकलं आणि म्हणाली, "दोन ठिपक्यांसाठी सांगलीहून आलीस? फोनवर सांगितलं असतंस तर मी पुसले असते."

अण्णांना मी स्क्रीनवर विसर्ग आणि कोलन शेजारी शेजारी मोठे करून दाखवले. विसर्गाची टिंबं गोल, कोलनची चौकोनी आणि बारीक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघितलं. मी जेवढं सांगायला हवं होतं तेवढं सांगितलं. कंपनी म्हणते, टाइप करतानाच कोलन आला पाहिजे. नाहीतर काम दुसरीकडे जाईल.

"म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं टाइप केलं?"

"चुकीचं कसं? टाइपरायटरला कळच एक होती."

"तसं नाही. तू म्हणतेस तसं धरलं, तर विषयला मी जन्मभर विसर्ग लावला. दिनांकला विसर्ग लावला. आणि साहेब खाली सह्या करत गेले." त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. "एकानेही सांगितलं नाही."

मी म्हटलं, मी कळफलकच बदलून देते, कुठल्यातरी रिकाम्या कळीवर कोलन बसवते, तुमची बोटं तिकडे वळतील. हे त्यांना अजिबात पटलं नाही.

"माझ्यासाठी कळफलक वाकडा करू नको. उद्या दुसऱ्या मशीनवर बसलो तर?"

दुसऱ्या मशीनवर ते कशाला बसणार होते, देव जाणे. पण मी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी संगणक बंद केला, त्यावर आईने शिवलेलं अभ्र्याचं कापड टाकलं आणि म्हणाले, "बघ दुसरं कुणी मिळतंय का. या वयात बोटं बदलत नाहीत."

जेवताना आमटीला मीठ कमी होतं, तरी त्यांनी चूक काढली नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत मी त्यांच्यावर धुमसत होते. बहात्तर रोगांच्या गोळ्या मुकाट घेणारा माणूस एका कोलनपुढे अडून बसतो, याला काय म्हणायचं? इस्लामपूर गेल्यावर राग उतरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

पुढचे काही दिवस मी त्यांना मजकूर पाठवला नाही. त्यांनीही विचारलं नाही. टाइप करणारं दुसरं कुणी मी शोधलं नाही. साहेबाचा फोन आला की आज बघते, उद्या बघते असं म्हणत होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "संगणकापुढे बसतात. काय करतात मला माहीत नाही. जेवायला हाक मारली तर हात वर करून थांब म्हणतात."

मग एका दुपारी साहेबाचा फोन आला.

"मॅडम, हे काय पाठवलंय? सराव नावाचं पान?"

मी काहीच पाठवलं नव्हतं. पण अण्णांच्या संगणकावर मराठी पुस्तिकेचा जो फोल्डर करून ठेवला होता, त्यात ते फाईल सेव्ह करायचे आणि तिचं पान आपोआप बनून साहेबापुढे जायचं. पानं मीच वेबसाइटवर चढवते, असं त्यांना वाटायचं. ती सोय मीच केली होती, त्यांना काही कटकट नको म्हणून.

मी पान उघडलं. वरपासून खालपर्यंत एकच वाक्य होतं. धोका, मुख्य स्विच बंद करा. प्रत्येक ओळीला तेच. टायपिंग शिकणाऱ्या पोरांना एकच ओळ पानभर काढायला लावतात, तसं. माझा नियम साहेबाच्या सांगण्यावरून मी काढून टाकला होता, त्यामुळे कोलन असेल तिथेच चौकट येत होती. वरच्या ओळी सगळ्या साध्या, काळ्या. विसर्ग, विसर्ग, विसर्ग. मग मध्येच एक लाल चौकट. परत काळ्या ओळी, आधीपेक्षा जास्त. बोटं हट्टाला पेटली होती बहुतेक. मग दोन लाल, एक काळी. तीन लाल, एक काळी. पानाच्या खालच्या भागात काळं काही उरलं नव्हतं. चौकटीखाली चौकट, सगळं लालभडक.

"वरचं एकानं टाइप केलंय आणि खालचं दुसऱ्यानं, व्हय ना?" साहेब म्हणाला. "खालच्याला ठेवा. लय स्वच्छ हाय त्याचं काम."

"एकच माणूस आहे," मी म्हटलं. "सत्तरी ओलांडलीय त्यांनी. माझे वडील आहेत ते."

"पुढचं प्रकरण त्यांनाच द्या मॅडम," तो म्हणाला. "आणि हे पान तेवढं काढा. गिऱ्हाईक बघंल तर पेटीच घ्यायचं न्हाई."

मी लगेच साताऱ्याला फोन लावला. फोन अण्णांनी उचलला.

"अण्णा, तुमचं सरावाचं पान बघितलं."

"ते तुला कसं दिसलं?" त्यांचा आवाज एकदम पडला. "ते दाखवायचं नव्हतं गं. ते माझं माझं होतं."

"दिसलं. आणि कराडलाही दिसलं. पुढचं प्रकरण तुम्हालाच द्यायला सांगितलंय."

खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"वरचं बघू नको," ते म्हणाले. "वरचं हात बसायच्या आधीचं आहे. खालच्या ओळी बघ."

मी बघते म्हटलं. फोन ठेवून पान परत उघडलं आणि खालच्या ओळी बघितल्या. मग, त्यांनी नको म्हटलं होतं तरी, वरच्याही एकेक करून सगळ्या बघितल्या.